कोरड्या बुटातलं पाणी

१

ठमाबाईनं सकाळी लावलेला भात दिवस मावळायच्या आत वाहून गेला होता.

शेंदरवाडीच्या वरच्या अंगाला तिची खाचरं एकाखाली एक उतरत गेलेली. त्यांतल्या वरच्या खाचराचा बांध मधोमध फुटला होता. कोवळी रोपं खालच्या बांधाला जाऊन ढिगानं अडकली होती आणि तांबड्या चिखलावर करड्या, चिकट गाळाचा थर बसला होता. ठमाबाई बांधावर उकिडवी बसून नुसती बघत होती. घोंगडी खांद्यावरून घसरली होती, तिकडंही तिचं लक्ष नव्हतं.

शीला औटी छत्री मिटून तिच्याजवळ उभी राहिली. नारायणगावात राहून ती विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करायची. जळालेले टेंपो, पुरात बुडालेल्या पाण्याच्या मोटारी, पत्रे उडालेले कोंबड्यांचे खुराडे बघायचे आणि हे कसं झालं असेल ते सांगायचं, हेच तिचं पोटापाण्याचं काम. पण पंचनाम्याला जाणं वेगळं आणि ज्या घरात दुपारी चहा प्यायला, त्या घरचं नुकसान बघणं वेगळं.

दरवर्षी श्रावणाच्या आधी ओळखीची तीन-चार माणसं गोळा करून ती घाटाकडच्या रानात दोन दिवस चालायला निघायची. २००३ सालच्या त्या पावसाळ्यात आपटाळ्याच्या पुढं, शेंदरवाडीच्या पाणथळ पठारावर जायचं ठरलं होतं. ते चौघं दुपारी वाडीत पोचले, शाळेच्या पडवीत सामान टाकलं आणि आपापल्या वाटेनं पांगले. पाण्याचा लोंढा आला तो त्यानंतर.

ठमाबाईचा पुतण्या चिमाजी वरच्या तळ्याकडं पळत गेला होता. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात सागाचा एक जाड दट्ट्या होता. तळ्याच्या मातीच्या बांधाखालून एक दगडी मोरी काढलेली होती आणि तिच्या आतल्या तोंडात हा दट्ट्या ठोकलेला असे. उन्हाळ्यात पाणी सोडायचं असेल तेव्हाच तो निघायचा.

"ह्यो आपसूक निघत न्हाई," चिमाजी म्हणाला. "मांडीभर पाण्यात उतरून, खाली हात घालून हिसडावा लागतो. कुणीतरी उपसलाय."

वाडीतलं झाडून सगळं माणूस त्या वेळी खाली ओढ्याकाठी चिमाजीच्याच लावणीला होतं. घरी राहिली होती ती तापानं फणफणलेली म्हातारी बायडाबाई. म्हणजे उरले ते पाहुणे. सगळ्यांच्या नजरा शीलाकडं वळल्या.

तेवढ्यात तळ्याकडच्या पाऊलवाटेनं राजरत्न खाली आला. कमरेपर्यंत चिंब भिजलेला, कापडी बूट पचपचत, गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कॅमेरा. गर्दी बघून तो खाचरात उतरायला निघाला, तर चिमाजीनं त्याची कॉलर धरून त्याला वरच्या वाटेवरच अडवलं.

२

शीलाबरोबर आलेली तिन्ही माणसं तिच्या चांगल्या ओळखीची होती.

राजरत्न खोडदचा. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांवर देखभालीचं काम करायचा. नोकरी अजून कायम झालेली नव्हती, दिवाळीनंतर होईल असं साहेब म्हणाले होते. अश्विनी मंचरच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिसरा ऋषी. आंबेगावच्या पूर्वेचा, लोणीचा. सिव्हिलचा डिप्लोमा करून पुण्यात एका बिल्डरकडं साइटवर लागलेला, पंचविशीतला, हसरा आणि उत्साही.

जूनमध्ये चौघं मिळून नारायणगावच्या बाजारपेठेत बूट घ्यायला गेले होते. पाणथळ पठारावर चालायचं म्हटल्यावर बुटांचा प्रश्न मोठाच. शीलानं त्यांना आपल्या अनुभवातलं सगळं सांगितलं होतं. तळाच्या खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब हव्यात, नाहीतर त्यांत चिखल भरून तळवा गुळगुळीत होतो. बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभराच्या चालीनं पाय फुगलेले असतात. जाड मोजे घालूनच मापून बघावेत. गमबूट गुडघ्यापर्यंत पाणी अडवतो, पण उतारावर घोटा धरून ठेवत नाही आणि खोल चिखलात बूट तिथंच राहून पाय तेवढा वर येतो. कापडी बूट पहिल्याच डबक्यात भिजतो, पण पाणी जसं येतं तसं निघूनही जातं.

ऋषीनं ऐकून घेतलं आणि सरळ घोट्यापर्यंतचे जाड चामड्याचे वॉटरप्रूफ बूट उचलले. दुकानदाराकडून पाण्यानं भरलेलं घमेलं मागवलं, बूट घालून त्यात उभा राहिला आणि चहा येईपर्यंत हलला नाही. मग पाय बाहेर काढून कोरडे मोजे सगळ्यांना दाखवले. दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा हसली होती.

शीला त्याला म्हणाली होती, "पाणी आत येऊ नये हा अर्धाच विचार झाला. वरून आलं तर ते बाहेर कसं जाणार?"

"वरून येईल एवढ्या पाण्यात मी जाणारच नाही, ताई," ऋषी म्हणाला होता.

अश्विनीनं काळे गमबूट घेतले. राजरत्ननं काहीच घेतलं नाही. आपले जुने कापडी बूट बरे आहेत, अँटेनावर चढताना तेच घालतो, असं त्याचं म्हणणं पडलं.

आता त्याच कापडी बुटांतून पाणी गळत होतं आणि चिमाजी त्यांच्याकडं बोट दाखवत होता.

राजरत्नचं सांगणं साधं होतं. तो तळ्याच्या वरच्या ओढ्यावर धबधब्याचे फोटो काढायला गेला होता. परत येताना तांबड्या दरडीवरून पाय घसरला आणि तो कमरेइतक्या पाण्यात पडला. तळ्यात तो उतरलाच नाही. जाताना आणि येताना बांधावरून गेला एवढंच.

"कुणी बघितलं का तुला पडताना?" शीलानं विचारलं.

"धबधब्याशी कोण असणार, ताई?"

चिमाजी ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता. तळ्याच्या काठी वाडीचा देव होता, शेंदूर लावलेला एक दगड. येताना बाकीचे तिघं तिथं पाया पडले होते. राजरत्न नेहमीसारखा बाजूला उभा राहिला होता. वाडीतल्या कुणीतरी ते पाहिलं होतं आणि आता ते चिमाजीच्या तोंडून बाहेर पडलं.

"त्याला आमच्या देवाचं काय, आन् तळ्याचं काय."

"दट्ट्याचा आणि देवाचा संबंध काय, भाऊ?" शीला शांतपणे म्हणाली.

सकाळी जुन्नरला जाऊन पोलिसात तक्रार देणार, आणि हा माणूस आपल्याबरोबर येणार, एवढंच चिमाजीनं सांगितलं. राजरत्नचा चेहरा उतरला. कायम व्हायच्या तोंडावर पोलीस केस म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

३

उजेड होता तोवर शीलानं एकेकाला विचारून घेतलं.

अश्विनी दुपारभर बायडाबाईच्या उशाशी होती. गोळी दिली, कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. म्हातारी मधे मधे झोपत होती, त्यामुळं ती अश्विनीच्या बाजूनं शपथ घेऊ शकली नसती. पण गमबूट उंबऱ्याशी काढून ठेवलेले तिला आठवत होते. पोरीनं पाय पुसून मगच घरात पाऊल टाकलं, ह्याचं तिला फार अप्रूप वाटलं होतं.

ऋषी म्हणाला, तो पडवीतच होता. चालून दमल्यामुळं कपडे बदलून आडवा झाला, डोळा लागला, आरडाओरडा ऐकून उठला. हे जुळत होतं. लोंढा आल्यावर तो कोरड्या कपड्यांत, अनवाणी धावत आला होता. बूट खराब होतील म्हणून हा अनवाणी आला, अशी अश्विनीनं त्या गडबडीतही त्याची चेष्टा केली होती.

शीलाला कुठंच धागा सापडेना. जळालेल्या टेंपोचं काम असलं की ती एक प्रश्न आधी विचारायची: ह्याच्यात कुणाचं भलं झालं? इथं भलं कुणाचंच नव्हतं. राजरत्नला ठमाबाईचं खाचर बुडवून काय मिळणार होतं? अश्विनीला काय? ऋषीला काय? खोडी म्हणून कुणी दट्ट्या काढला असेल, तर मांडीभर गार पाण्यात उतरून, हात घालून, हिसडे देऊन काढण्यात कसली आली गंमत?

दिवस बुडता बुडता चिमाजी आणखी दोघांना घेऊन वर गेला आणि दट्ट्या परत ठोकून आला. पाऊस वाढला होता. तळं निम्म्यावर आलं होतं ते रात्रीत पुन्हा भरेल, असं तो ठमाबाईला सांगत होता. सगळे तिच्या ओसरीवर दाटीनं बसले होते आणि आतून नाचणीच्या भाकरीचा वास येत होता.

तेव्हा ऋषी मधेच म्हणाला, "आजची रात्र मोरी उघडीच राहू दिली असती तर?"

चिमाजीनं त्याच्याकडं पाहिलं. "आन् उरलेली खाचरं?"

"नाही, म्हणजे... एवढ्या पावसात तुम्ही पाण्यात उतरलात. जिवाला धोका. सकाळी बसवता आला असता."

चिमाजी हसला. आमी ह्या पाण्यातच वाढलो, पावणं, असं काहीसं म्हणाला आणि विषय तिथंच मिटला. शीलाला वाटलं, पोरगं मायाळू आहे. राजरत्न भिंतीशी टेकून बसला होता. त्याच्या ताटातली भाकरी तशीच होती आणि ऋषी त्याच्याकडं एकदाही बघत नव्हता.

ठमाबाईनं सगळ्यांचे बूट चुलीच्या उबेला मांडून ठेवले. ऋषीनं मात्र आपले दिले नाहीत. चामडं आचेनं तडकतं, आणि तसेही ते आतून कोरडेच आहेत, असं सांगून त्यानं ते पडवीतल्या सॅकमागं ठेवले. त्यात काही चूक नव्हतं. चामड्याचे बूट आगीजवळ ठेवू नयेत, हे शीलानंच त्याला सांगितलं होतं.

४

सकाळी पाऊस होताच. धुकं इतकं खाली आलं होतं की शाळेच्या अंगणातून समोरचं घर दिसत नव्हतं.

चिमाजी जुन्नरला निघायच्या तयारीनं आला. राजरत्ननं चुलीजवळचे बूट उचलले. रात्रभराच्या उबेनं ते जवळजवळ वाळले होते. शीलानं ते त्याच्या हातून घेतले. त्याच्यावर अविश्वास होता म्हणून नव्हे, हातात काहीतरी घेऊन बघायची तिला सवयच होती. आतला सैल तळवा तिनं नखानं उचलून बाहेर काढला. त्याच्याखाली मातीचा पातळ थर वाळून बसला होता. तो तांबडा होता.

ती तशीच उभी राहिली. ठमाबाईच्या खाचरातला तो थर तिच्या डोळ्यांपुढं आला. तांबड्या चिखलावर पसरलेला करडा, चिकट गाळ. तो तळ्याच्या तळाचा होता. मोरीच्या तोंडाशी जो उभा राहिला असेल, तो त्या गाळात घोट्याएवढा रुतला असणार. कापडी बुटातून पाणी आरपार जातं, पण त्याच्याबरोबर आलेला गाळ तळव्याखाली बसतोच. वरून कितीही धुतलं तरी तो आत राहतो. राजरत्नच्या बुटात ओढ्याची तांबडी माती होती, करड्याचा कणही नव्हता. आणि काल चिमाजीनं त्याला खाचरात उतरू दिलं नव्हतं, म्हणजे तिथलाही गाळ त्याला लागण्याचा प्रश्न नव्हता.

तिनं अश्विनीच्या गमबुटात हात घातला. आतलं कापडी अस्तर कोरडं, स्वच्छ. मांडीभर पाण्यात गेलेला गमबूट काठोकाठ भरला असता आणि त्याचं अस्तर एका रात्रीत असं वाळलं नसतं.

ती पडवीत आली. ऋषी सॅक भरून तयार होता. पायांत रबरी चपला होत्या आणि बूट नाडीनं सॅकला मागं बांधलेले होते.

"ह्या निसरड्या वाटेनं चपला घालून उतरणार?" तिनं विचारलं.

"बूट चावला, ताई. टाच सोलली."

शीलानं खाली पाहिलं. त्याच्या दोन्ही टाचा गुळगुळीत होत्या. पायाची बोटं मात्र पांढुरकी आणि सुरकुतलेली होती. फार वेळ ओल्यात कोंडलेल्या पायांची होतात तशी.

तिनं सॅकला बांधलेला एक बूट तळहातावर तोलला. दुकानात हाच बूट तिनं उचलून पाहिला होता, तेव्हा तो जड वाटला होता, पण एवढा नाही. बाहेरून चामडं कोरडं ठणठणीत. तिनं आत बोटं घालून दाबलं. आतला जाड स्पंज पिळल्यासारखा झाला आणि बोटांवर गार पाणी आलं. बोटं बाहेर काढली तर टोकांना करडा, चिकट गाळ.

ऋषी बघत होता.

"पावसाचं असेल. पायावरून ओघळून आत गेलं असेल."

"पावसात गाळ नसतो," शीला म्हणाली. "आणि काल रात्री तूच म्हणालास, आतून कोरडे आहेत."

शीलाला आता खरं म्हणजे चिमाजीला हाक मारायला हरकत नव्हती. पण तिचा जुना प्रश्न अजून सुटला नव्हता. ह्यात कुणाचं भलं? हे पोरगं वाईट नव्हतं, खोडकरही नव्हतं. मग तिला ओसरीवरचं त्याचं बोलणं आठवलं. ज्याचा तळ्याशी काही संबंध नाही त्यानं मोरी उघडी राहावी म्हणून का म्हणावं? सकाळपर्यंत तळं भरू नये, असं त्याला का वाटावं? तो सिव्हिलचा माणूस आहे, हे कालपासून तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाहेर पाऊस एका लयीत कोसळत होता. बूट अजून तिच्या हातात होता, पण तिनं बुटाबद्दल विचारलंच नाही.

"ऋषी, बांधाला काय झालंय?"

त्यानं पडवीच्या खांबाला हात लावला.

"फुटेल, ताई," तो म्हणाला. "आज तळं पुरतं भरलं तर फुटेल."

५

चिमाजीला बोलावून ती तिघं धावतच वर गेली. मागून राजरत्न आला, अश्विनी आली, वाडीतली माणसं आली. तळं पुन्हा काठाला लागलं होतं. ऋषीनं त्यांना बांधाच्या बाहेरच्या अंगाला, पायथ्याशी नेलं. तिथं कारवीची दाट झुडपं होती. ती हातानं बाजूला करून त्यानं दाखवलं. बांधाच्या पोटातून मनगटाएवढी धार बाहेर येत होती. पाणी नितळ असतं तर तो साधा पाझर ठरला असता, प्रत्येक मातीच्या बांधाला असतो. पण ही धार गढूळ होती. पाणी आतली माती घेऊन बाहेर येत होतं.

चिमाजीनं ओंजळीत ते पाणी धरलं, बघितलं आणि सोडून दिलं. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही.

खालच्या अंगाची घरं आधी रिकामी केली. बायडाबाईला अश्विनीनं आणि दोघा गड्यांनी घोंगडीत घालून शाळेत आणलं. बांधाच्या टोकाला जादा पाणी काढून देणारा जुना सांडवा होता, तो गाळानं बुजला होता. राजरत्न आणि चार गडी कुदळी घेऊन तो मोकळा करायला लागले. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. मोरी उघडावीच लागणार होती, आणि मोरीचं पाणी पुन्हा ठमाबाईच्या खाचरांवरूनच जाणार होतं.

चिमाजी चुलतीकडं बघत उभा राहिला.

"माझ्याकडं काय बघतुस?" ठमाबाई म्हणाली. "सोड पाणी. खाचर पुन्हा हुईल."

दट्ट्या ह्या खेपेला पुरता काढला नाही. चिमाजी आणि ऋषी दोघं पाण्यात उतरले, चिमाजीच्या कमरेला दोर बांधला होता आणि ऋषी सांगेल तेवढाच तो दट्ट्या सैल करत होता. पायथ्याशी रिकाम्या खताच्या गोण्यांत मुरूम भरून त्या गढूळ धारेभोवती रचल्या. दुपार कलली तेव्हा तळं बरंच उतरलं होतं. धार बारीक झाली, मग नुसती झिरपायला लागली, आणि झिरपणारं पाणी नितळ होतं.

माणसं बांधावरच बसली. कुणीतरी चहाची किटली वर आणली. चिमाजीनं पहिला प्रश्न शीलाला विचारला, ह्याला हे ठाऊक कसं?

शीला ऋषीजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "तू सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे त्यांना."

ऋषी उभा राहिला. काल दुपारी डोळा लागला नव्हता, असं त्यानं सांगितलं. पाय मोकळे करायला तो तळ्यावर आला होता. बांध बघायची कामावरची सवय, म्हणून बाहेरून फिरला आणि कारवीत ती धार दिसली. वाडीत हाक मारायला कुणी नव्हतं आणि तळं तर भरत चाललेलं. थोडं पाणी सोडलं तर दाब कमी होईल असं वाटून तो तसाच बुटांनिशी आत उतरला. दट्ट्या हलवून थोडाच सैल करायचा होता, पण तो एकदम हातात आला आणि पाण्यानं त्याच्या हातून हिसकून नेला. परत बसवायला म्हणून तो किती वेळ पाण्यात दट्ट्या चाचपडत होता. मग खालून ओरडा ऐकू आला. तो मागच्या वाटेनं पडवीत पळाला, कपडे बदलले आणि लोकांत येऊन उभा राहिला.

"तवाच का न्हाई सांगितलंस?" चिमाजीनं विचारलं.

"खाचर बघितलं आणि भ्यालो. सकाळी सांगू म्हटलं. मग तुम्ही राजरत्नला धरलं, आणि मग सांगणं अजूनच अवघड झालं."

चिमाजी मान खाली घालून बसला. शीलानं त्याला आणि बाकीच्यांना बुटांची गोष्ट थोडक्यात सांगितली. कापडी बुटात तांबडी माती निघाली, गमबुटाचं अस्तर कोरडं निघालं, आणि जो बूट पाण्याला आत येऊ देत नाही त्यानंच आलेलं पाणी रात्रभर धरून ठेवलं. काल ऋषी खाचराशी अनवाणी आला होता, म्हणजे तो गाळ तिथला असूच शकत नव्हता. ऐकणाऱ्यांनी एकदा त्या बुटांकडं आणि एकदा ऋषीकडं पाहिलं.

बोलली ती ठमाबाई.

"बांध वाचवलास, ते खरं," ती ऋषीला म्हणाली. "पर त्या पोराला का बुडवत व्हतास?"

ऋषी जागच्या जागी उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. कुणी त्याची समजूत घातली नाही, कुणी त्याला बोललंही नाही.

६

त्या दिवशी जुन्नरला कुणी गेलं नाही. चौघांपैकीही कुणी निघालं नाही. रविवार होता, अश्विनीची रात्रपाळी होती, पण शेवटची एसटी गाठायला अजून अवकाश होता.

वाडीत लावणी झाल्यावर उरलेली रोपं घराघरांत होती. कुणाकडं जुडी, कुणाकडं दोन. चिमाजीनं आपल्या वाफ्यात उरलेली सगळी आणली. खाचराचा फुटलेला बांध गड्यांनी चिखल थापून सांधला आणि पाऊस जरा कमी झाल्यावर सगळी मिळून ठमाबाईच्या वरच्या खाचरात उतरली.

राजरत्न आधीच उतरला होता. त्याचे बूट बांधावर होते. खोडदला भात नव्हता, पण त्याची आजी मोसमात लावणीला घाटाकडं यायची आणि त्याला बरोबर आणायची. हात ते विसरले नव्हते. चिमाजी त्याच्या शेजारच्या ओळीला आला. दोघं वाकून लावत राहिले. मग चिमाजीच म्हणाला, राव, माझं चुकलं.

राजरत्न सरळ झाला. "काल पाहुणे आम्ही चौघं होतो, भाऊ. तुम्हाला माझीच पँट दिसली."

चिमाजीनं मान हलवली. तो पुन्हा वाकला. थोड्या वेळानं त्यानं आपल्या डोक्यावरचं इरलं काढून राजरत्नच्या पाठीवर घातलं आणि राजरत्ननं ते राहू दिलं.

शीला बांधावरून जुड्या फेकत होती. ऋषी एकटाच लांब उभा होता, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. शेवटी तो खाचरात उतरला आणि चिखल तुडवत राजरत्नजवळ गेला. काय बोलायचं ते त्यानं ठरवून आणलं असावं.

राजरत्ननं वर पाहिलं नाही. हातातल्या जुडीतली अर्धी रोपं काढून त्यानं ऋषीपुढं धरली.

"आधी एवढं खाचर होऊ दे," तो म्हणाला. "बाकीचं मग बघू."

ऋषीनं रोपं घेतली. एक ओळ मधे सोडून तो त्याच्या बाजूला वाकला, आणि कशी लावायची ते न विचारता, राजरत्नच्या हाताकडं बघत बघत लावू लागला.